‘पश्चात्ताप’ या एका शब्दामागे जाताना

पीएचडीला नाव नोंदवलं की गाईड पहिल्याच महिन्यात एक गोष्ट डोक्यात भरवतात: दुसऱ्याने दिलेला संदर्भ जसाच्या तसा उचलू नका, मूळ पेपर उघडा. ही सवय प्रयोगशाळेबाहेर मला पहिल्यांदा कामी आली ती वसईत, आमच्या आळीतल्या बायबलवाचनाच्या बैठकीत.

राखेचा बुधवार नुकताच झाला होता. वाचन मार्कच्या पहिल्या अध्यायाचं. 15व्या वचनात येशू प्रचाराला सुरुवात करतो, तिथे मराठीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द आहे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “पश्चात्ताप तर मी रोजच करते. पण विहिरीच्या पाण्यावरून जावेशी बोलणं बंद ते बंदच. मग देवाला यातलं काय पोचतं?”

कुणालाच उत्तर देता येईना. घरी येऊन मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आणि एक जुनं भाषांतर शेजारी ठेवलं, मग ग्रीक शब्दकोश उघडला. (पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आपण निदान कोश तरी चाळावा.)

ग्रीक शब्द ‘मेतानोइया’. त्यातला ‘नूस’ म्हणजे मन. म्हणजे मन पालटणं. लॅटिन बायबलमध्ये त्याचं ‘पेनितेन्तिया’ झालं, आणि त्याला प्रायश्चित्ताचा रंग चढला. 16व्या शतकात इरॅस्मसने त्यावर बोट ठेवलं. 1517 मध्ये लूथरच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा याच शब्दावर होता. आपला ‘पश्चात्ताप’ तर सरळ नंतर होणारा ताप.

मी खूश. सापडलं उत्तर: ताप नको, मन बदला!

इथेच नवा संशोधक घसरतो, तुम्हीही घसराल. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, तरी आपण खोबऱ्याचं तेल म्हणतोच ना? शब्दाचा अर्थ वापरात शोधायचा. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, या शब्दाचं क्रियापद बहुतेक ठिकाणी ‘नाखम’ या हिब्रू धातूसाठी येतं, आणि त्यात खंत, हळहळ आहेच. म्हणजे ताप पूर्ण वगळता येत नाही. माझं आवडतं गृहीतक तिथेच लंगडं पडलं.

मग पाहिलं, शुभवर्तमानकार स्वतः हा शब्द कसा उलगडतात. लूकचा तिसरा अध्याय, 8 ते 14 वचनं. बाप्तिस्मा करणारा योहान या शब्दाला साजेशी फळं मागतो. लोक विचारतात, मग आम्ही काय करायचं? उत्तरं अगदी रोजची आहेत. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला लुबाडू नये. खंत किती झाली, हे तिथे कुणी मोजत नाही.

व्हॅटिकन परिषदेचा 1965 चा ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज हेच सांगतो, की लेखकाला काय म्हणायचं होतं ते आधी शोधा. कोशापेक्षा ही पाच-सात वचनंच मला जास्त उपयोगी पडली.

पुढच्या बैठकीत मी ग्रीक-बिरीक काही काढलं नाही, लूकची वचनं फक्त वाचून दाखवली. मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आधी पंपाची चावी.”

चावी दिली का, ते मी विचारलेलं नाही.