चाळीतलं खेळकर फर्निचर

खेळकर फर्निचर म्हटलं की इटलीतल्या ‘मेम्फिस’ गटाचं नाव निघतं. या गटाच्या एत्तोरे सोट्सासनं १९८१मध्ये केलेलं ‘कार्लटन’ हे रंगीत शेल्फ हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसतं. बघायला झकास, पण ठेवायला मोठा हॉल हवा.

मुंबईच्या चाळीत असा हॉल कुठला! नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथे एका वस्तूला एकच काम देणं परवडतच नसे. लोखंडी खाटेच्या पायांखाली विटा सरकवल्या की खाली ट्रंका मावत, आणि ट्रंकांच्या मागे लपाछपीची जागा होई. पिंपावर कॅरम बोर्ड ठेवला की गॅलरीत क्लब सुरू! सुमारे ७४ सेंटिमीटरचा चौरस, भोवती स्टुलं नाहीतर पालथे डबे, वरून खाली ओढलेला बल्ब. डाव संपला की बोर्ड कपाटामागे उभा. असं टेबल एखाद्या डिझायनरनं काढलं असतं, तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

चाळीबाहेर, इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचं कूळ वेगळं. असं एक हॉटेल, धोबी तलावचं कयानी, १९०४पासून चालू आहे. या खुर्च्यांचा मूळ पुरुष म्हणजे थोनेट कंपनीची १८५९ची ‘क्रमांक १४’: लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट. सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसत. मोठ्यांसाठीचा जोडाजोडीचा खेळच तो.