कॉर्नवॉल : आख्यायिकेमागून आलेला प्रवासी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला अटलांटिक महासागरात घुसलेला कॉर्नवॉल हा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहज जाता येण्याजोगा नव्हता, आणि १८५० मध्ये तेथे पायी हिंडलेल्या विल्की कॉलिन्स या कादंबरीकाराने आपल्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकात ही भटकंती रेल्वेच्या पलीकडची असल्याचे नोंदवले होते. १८५९ मध्ये अभियंता ब्रुनेल याने टेमार नदीवर बांधलेला सॉल्टॅशचा पूल खुला झाला, आणि त्याच वर्षी टेनिसन या कवीच्या आर्थर राजावरील काव्यमालेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुलाने वाट दिली आणि काव्याने जाण्याचे निमित्त.

निमित्त मात्र फार जुने होते. बाराव्या शतकात, ११३६च्या सुमारास, मॉनमथच्या जेफ्री याने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या बखरवजा इतिहासात आर्थरच्या गर्भधारणेची कथा टिंटॅजेल या समुद्रवेढ्या सुळक्याशी जोडलेली आहे. आज तेथे दिसणारा पडका किल्ला त्या कथेचा पुरावा नसून तिची निष्पत्ती आहे, कारण कॉर्नवॉलचा अर्ल, म्हणजे तेथील सरदार, रिचर्ड याने १२३३ मध्ये ही जागा मिळवून, लष्करी दृष्ट्या तिचा फारसा उपयोग नसतानाही, बहुधा आर्थरच्या नावाचे वलय लाभावे म्हणूनच येथे किल्ला उभारला. १८९३ मध्ये जवळच्या कॅमलफर्डपर्यंत रेल्वे आली, १८९९ मध्ये कड्यावर आर्थरच्याच नावाचे प्रशस्त हॉटेल उभे राहिले, आणि ट्रेवेना हे शेजारच्या गावाचे मूळ नाव मागे पडून टिंटॅजेल हेच नाव रूढ झाले. १९३०च्या दशकात रॅली रॅडफर्ड यांच्या उत्खननात पाचव्या-सहाव्या शतकांतील भूमध्यसागरी खापरे सापडली; त्यांनी या वस्तीला ख्रिस्ती मठ मानले, तर पुढील संशोधकांनी ते एखाद्या धनाढ्य सत्ताधीशाचे ठाणे ठरवले. खरे तर दूरदेशीच्या व्यापाराचा हा पुरावा कोणत्याही तलवारीच्या कथेहून अधिक विस्मयकारक आहे; तरीही २०१६ मध्ये तेथील खडकात मर्लिन या जादूगाराचा चेहरा कोरला गेला, तेव्हा इतिहासापेक्षा आख्यायिकेला झुकते माप दिल्याची स्थानिक अभ्यासकांची टीका अनाठायी नव्हती.

किनाऱ्यावरील गावांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचे आकर्षण दंतकथेवर नव्हे, तर मासेमारीवर उभे राहिले. पिलचर्ड, म्हणजे आपल्याकडील तारलीच्या जातकुळीचा मासा, किनाऱ्याजवळ आला की कड्यावरचा टेहळ्या हाकाटी करून होड्यांना दिशा दाखवी आणि थव्याभोवती मोठे जाळे टाकले जाई. खारवलेला मासा मुख्यतः इटलीला जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मासेमारी बसत गेली, पण तत्पूर्वीच न्यूलिन येथे १८८४ मध्ये आलेल्या स्टॅनहोप फोर्ब्ज यांच्यासारख्या चित्रकारांनी कोळ्यांचे कष्टाचे जीवन कॅनव्हासवर आणले होते. सेंट आइव्हजला १८७७ मध्ये रेल्वेचा फाटा मिळाला, आणि मासे वाहण्याकरिता उपयोगी पडलेल्या त्या मार्गाने चित्रकार व पर्यटकही येऊ लागले. तिकडे टिंटॅजेलजवळचे कॅमलफर्डचे स्थानक मात्र १९६६ मध्ये बंद झाले. तोवर मोटारींनी अरुंद गल्ल्या व्यापल्या होत्या.

पुढे पोर्ट आयझॅक या गावात २००४ पासून प्रसारित झालेल्या ‘डॉक मार्टिन’ मालिकेचे चित्रीकरण झाले, तेव्हा आर्थरची जागा एका तिरसट डॉक्टरने घेतली. कोळ्यांची घरे सुट्टीपुरत्या वापराची झाल्याने स्थानिकांना निवारा परवडेनासा झाला, आणि २०१६ मध्ये सेंट आइव्हजच्या मतदारांनी नवी घरे केवळ कायम रहिवाशांसाठीच राखण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला.