धूर न सोडणारा पोकलेन

रस्ता खणायचा म्हणजे डिझेलचा धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज आलाच, हे समीकरण नॉर्वेच्या राजधानीने मोडीत काढले. ऑस्लोच्या भर मध्यवस्तीत २०१९ मध्ये एका रस्त्याचे काम विजेवरच्या यंत्रांनी सुरू झाले.

डिझेल इंजिनात इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यंत्र नुसते उभे असले तरी इंजिन धडधडतच असते. विजेची मोटर काम थांबले की थांबते. अडचण बॅटरीची: जड खोदाईत ती दिवसभर पुरेलच असे नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत चार्जिंग उरकतात; काही यंत्रे थेट केबलवर चालतात.

२०२५ पासून ऑस्लो पालिकेने आपल्या बांधकामांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. नॉर्वेची बहुतेक वीज जलविद्युत, त्यामुळे धूर दुसरीकडे सरकत नाही. मातीची धूळ मात्र उरते. तिच्यावर पाणीच मारावे लागते.