नोकरी सांभाळून लेखणीची जोडकमाई : हिशेब, करार आणि काळजी

भिवंडी किंवा मालेगावच्या लूमवाल्याला मजुरीचा हिशेब शिकवावा लागत नाही. सूत व्यापाऱ्याचे, लूम आपला आणि मजुरी पिकावर. दर किती पैशांचा आहे, लाइट किती वेळ राहील, माल परत आला तर नुकसान कुणाचे, हे तो हाताच्या बोटांवर सांगतो. आज त्याच घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी दिवसा दुकानात, शाळेत किंवा ऑफिसात नोकरी करते आणि रात्री मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर दुसऱ्यांसाठी लेख लिहिते. हेही मजुरीचेच काम आहे. फरक इतकाच की तिथे पिकावर मजुरी मिळते, इथे शब्दावर. मात्र पिकाचा हिशेब चोख ठेवणारे घर शब्दाच्या हिशेबात फसते, असे अनेकदा दिसते. म्हणून या जोडधंद्याची माहिती नीट समजून घेणे गरजेचे आहे.

काम कोणते आणि मिळते कुठे?

इंटरनेटवर माल विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला मालाचे वर्णन लागते. दवाखाने, शिकवण्या, प्रवास कंपन्या यांना माहितीचे लेख लागतात. कुणाला इंग्रजी मजकूर मराठीत, उर्दूत किंवा हिंदीत हवा असतो, तर कुणाला व्हिडिओसाठी संहिता हवी असते. असे काम देणारा आणि करणारा यांची गाठ घालून देणाऱ्या बाजारपेठा इंटरनेटवर आहेत. एलान्स ही 1999 साली सुरू झालेली कंपनी आणि ओडेस्क या दोन्ही 2013 साली एकत्र आल्या आणि 2015 पासून अपवर्क या नावाने चालतात. फायव्हर 2010 साली सुरू झाली. या कंपन्या फुकट काम करत नाहीत, त्या आपली दलाली कापून घेतात. फायव्हर लिहिणाऱ्याच्या कमाईतून 20 टक्के कापते. याशिवाय जाहिरात संस्था, प्रकाशक आणि ओळखीचे व्यापारी थेट काम देतात. तिथे दलाली नसते, पण पैसे वसूल करण्याची जबाबदारी आपली स्वतःची असते.

आधी तासाचा भाव काढा

समजा, एखाद्याला शब्दाला 60 पैसे दराने 1000 शब्दांचा लेख मिळाला. मजुरी झाली 600 रुपये. ऐकायला बरे वाटते. आता वेळ मोजा. माहिती गोळा करायला दीड तास, लिहायला दोन तास, दुरुस्त्या करून द्यायला एक तास, निरोपानिरोपी आणि बिल यात अर्धा तास. एकूण पाच तास. म्हणजे तासाला 120 रुपये पडले. काम 20 टक्के दलालीच्या बाजारातून आले असेल तर हातात 480 रुपये येतात आणि तासाचा भाव 96 रुपयांवर उतरतो. इंटरनेट, वीज, कॉम्प्युटरची झीज आणि कर अजून वजा व्हायचा आहे.

नोकरी करणाऱ्याकडे वेळ तरी किती असतो? नऊ तास नोकरी, दोन तास येणे-जाणे, सात तास झोप धरली तर सहा तास उरतात. त्यातच जेवणखाण, घरचे काम, इबादत आणि मुलांचा अभ्यास. प्रामाणिकपणे मोजले तर रोज दोन तासांपेक्षा जास्त निघत नाहीत. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दहा तास, म्हणजे वरच्या हिशेबाने दोन लेख. महिन्याला आठ लेख आणि दलाली न कापता 4,800 रुपये. ही रक्कम लहान नाही. घराचे वीज बिल आणि मुलांची फी त्यातून निघू शकते. पण ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ अशा जाहिराती आणि हा हिशेब यांत किती अंतर आहे, ते प्रत्येकाने पाहावे.

हा भाव वाढवायचा मार्ग रात्री जागून आणखी लेख लिहिणे हा नव्हे. आपल्याला जे ठाऊक आहे त्यावर लिहिणे हा आहे. हिमरूत ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा का असतो, पॉवरलूमचे कापड आणि हातमागाचे कापड हाताने कसे ओळखावे, चामडे कमावताना काय बिघडते, हे कारागिराच्या घरात वाढलेल्याला पुस्तक न उघडता सांगता येते. त्याची माहिती गोळा करण्याची मेहनत वाचते आणि तसे लिहिणारे थोडे असल्यामुळे दरही चांगला मागता येतो. समजा, असा लेख शब्दाला दीड रुपया दराने मिळाला आणि साडेतीन तासांत झाला, तर 1,500 रुपये होतात, म्हणजे तासाला 425 रुपयांच्या वर. वाडवडिलांचा हुन्नर इथे भांडवलाच्या कामी येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून साधे, इकडचे तिकडे करून लिहिलेले लेख मशीनकडून क्षणात मिळू लागले. अशा कामाचा भाव पडला आहे. जे मशीनला ठाऊक नाही, म्हणजे कारखान्यातली, बाजारातली, हाताने करून पाहिलेली माहिती, तिची गरज मात्र राहिली आहे. काम देणाऱ्याने मशीन वापरू नका म्हटले असेल तर वापरू नये. वापरले तर सांगावे. न सांगता मशीनचा माल आपला म्हणून विकणे म्हणजे मिलचे कापड हातमागाचे म्हणून विकण्यासारखे आहे.

मालकाचा हक्क

ज्याचा पगार आपण घेतो त्याचा आपल्यावर हक्क आहे. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाहेरचे काम करणे हे उघड गैर आहे. त्याखेरीज नोकरीच्या नेमणूकपत्रात ‘अन्य रोजगार करणार नाही’ असे कलम असते. सही करताना ते फारसे कुणी वाचत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रो कंपनीच्या अध्यक्षांनी, प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी इन्फोसिसने मात्र वरिष्ठांची आधी परवानगी घेऊन आणि कंपनीच्या हिताला बाध येत नसेल तर बाहेरचे छोटे काम करण्यास मुभा दिली. यातून एकच धडा निघतो : विचारून केले तर मार्ग निघतो, लपवून केले तर नोकरी जाते.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत. त्यांत परवानगीशिवाय व्यापार किंवा दुसरी नोकरी करण्यास मनाई आहे, परंतु सरकारी कामात खंड न पडता अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय कामाला सवलत आहे. दर आठवड्याला ठराविक मजुरीवर जाहिरातीचा मजकूर लिहिणे या सवलतीत बसेलच असे समजू नये. लेखी परवानगी घ्यावी.

आपल्या वाचकांत दुकानांचे आणि कारखान्यांचे मालकही पुष्कळ आहेत. त्यांनीही विचार करावा. दुकानातला मुनीम रात्री दोन तास लिहून घर चालवत असेल आणि सकाळी वेळेवर, ताजातवाना येत असेल, तर त्याला अडवण्यात मालकाचा फायदा नाही. आपल्या दुकानाचे भाव आणि गिऱ्हाइकांची नावे बाहेर जाऊ नयेत आणि स्पर्धकाचे काम घेऊ नये, एवढे दोन मुद्दे कागदावर लिहून घेतले की दोघांनाही निर्धास्त राहता येते.

करार आणि वसुली

तोंडी शब्दावर माल देण्याची आपल्या बाजाराची जुनी रीत आहे, पण ती ओळखीच्या माणसाशी चालते. ज्याचे तोंड पाहिलेले नाही त्याच्याशी चालत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : किती शब्द, कोणता दर, कोणत्या तारखेला द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा आणि पैसे किती दिवसांत. नवीन गिऱ्हाईक असेल तर पहिल्या कामाला अर्धी रक्कम आगाऊ मागावी. मागायला संकोच करू नये, शिंपीसुद्धा मापाबरोबर आगाऊ रक्कम घेतो.

लेखाची मालकी हाही मोठा प्रश्न आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखाचा पहिला मालक सामान्यतः लिहिणारा असतो. पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. बाहेरच्या गिऱ्हाइकाला हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीने द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत समजला जातो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर त्याचा वेगळा दर मागावा.

पैसे थकले तर? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणाराही येतो. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती असेल तर खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीखही 45 दिवसांपलीकडची नसावी, पैसे द्यायचे असतात. तारीख ठरली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागते आणि तक्रार करण्यासाठी राज्याची परिषद आहे. हीच नोंदणी लूमवाल्याच्या आणि कारागिराच्याही उपयोगाची आहे.

कर आणि कागदपत्रे

लेखनाची कमाई लहान असली तरी ती उत्पन्नात दाखवावी लागते. पगारदारांचा साधा ‘सहज’ फॉर्म इथे चालत नाही, कारण ही व्यवसायाची कमाई आहे. गिऱ्हाइकाने टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही ते पाहावे. कापलेला कर वजा जाता वर्षाचा देय कर 10,000 रुपये किंवा जास्त होत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या 15 तारखेला आगाऊ कराचे हप्ते भरावे लागतात.

जीएसटीबाबत दुकानदारांनी विशेष सावध राहावे. सेवांसाठी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. केवळ मालच विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत सवलत आहे. पण उलाढाल पॅनवर एकत्र मोजली जाते. 30 लाखांची विक्री असलेला बिननोंदणीचा दुकानदार स्वतःच्याच नावाने लेखनाची बिले करू लागला, तर तो ‘केवळ माल विकणारा’ राहत नाही आणि त्याची 40 लाखांची सवलत धोक्यात येते. दोन-चार हजारांच्या लेखासाठी ही अडचण ओढवून घेण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

फसवणूक आणि खोटे लेखन

‘टायपिंगचे काम, आधी नोंदणी फी भरा’ ही जाहिरात दिसली की तिथेच थांबावे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. फी घेऊन काम देतात, मग त्यात चुका दाखवतात आणि करारभंगाच्या वकिली नोटिसा पाठवून आणखी पैसे उकळतात. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नयेत. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी परत मिळण्याची आशा कमी.

काही कामे पैसे मिळत असले तरी नाकारावीत. न वापरलेल्या वस्तूची खोटी तारीफ, विद्यार्थ्याच्या नावाने लिहून दिलेला प्रबंध, औषधाचे खोटे गुण ही ती कामे. खोटे माप देणारा तराजू आणि खोटी शिफारस लिहिणारी लेखणी यांत फरक नाही. हलाल कमाईची अट दुकानाला आहे तशी लेखणीलाही आहे.

शेवटी

जोडधंदा हा नोकरीला टेकू म्हणून असतो. टेकू भिंतीपेक्षा जड झाला तर भिंतच कोसळते. म्हणून आठवड्यातून एक दिवस लेखणी बंद ठेवावी. रमजानचे शेवटचे दिवस आणि ईदची गर्दी या काळातली तारीख आधीच नाकारावी. तीन महिने वहीत तास आणि रक्कम लिहून पाहावी. तासाचा भाव वाढत असेल तर काम चालू ठेवावे. तो तसाच राहून फक्त जागरण वाढत असेल, तर ते तास आपल्या मूळ हुन्नराला किंवा पुढच्या शिक्षणाला द्यावेत. आणि लेखनाची कमाई पगाराइतकी झाली तरी घाईने नोकरी सोडू नये. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावरच तो विचार करावा, कारण शब्दावरची मजुरी काम असेल तोवरच मिळते आणि घरातली चूल मात्र रोज पेटवावी लागते.