होडीची घासपट्टी

शिडाच्या होडीला इंजिनाच्या होडीसारखे मागे रेटता येत नाही. धक्का जवळ आला की तांडेल शीड उतरवतो. मग होडी आपल्या अंगच्या वेगाने सरकत येते आणि धक्क्याला लागते. कधी हळूच टेकते, कधी दाणकन आदळते. माणसे उतरेपर्यंत, टोपल्या चढेपर्यंत ती तिथेच उभी असते. लाट आली की वर जाते, लाट गेली की खाली येते. दगडाला अंग घासत राहते. भरती-ओहोटी असतेच. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढते आणि तेवढेच उतरते. तेवढी भिंत होडी घासून काढते म्हणा ना!

हे घासणे सोसायला काठाच्या थोडे खाली, बाहेरच्या अंगाला, एक लांब पट्टी मारलेली असते. ती नाळेपासून पिछाडीपर्यंत जाते. तिला ठिकठिकाणी वेगळे नाव असेल. आपण तिला घासपट्टी म्हणू.

ही पट्टी झिजली, फाटली, तिचे खिळे वर आले, की ती बदलावी लागते. बदलायची तर कशाची लावायची? सागाची, बाभळीची, लोखंडाची, टायरची, की प्लॅस्टिकची? बंदरावर उभे राहून विचारा. पाच माणसे पाच उत्तरे देतील. मालक बहुधा एकच गोष्ट सांगतो.

‘‘मिस्त्री, एकदाच काय ती मजबूत पट्टी मारा. परत बघायला नको.’’

मिस्त्री जुना जाणता असेल तर म्हणतो, ‘‘दादा, पट्टी झिजली नाही, तर मग झिजेल काय?’’

या बोलण्यात सगळे आले. पट्टी झिजण्यासाठीच असते. ती झिजते म्हणून फळ्या वाचतात. पट्टी अतिशय कठीण केली आणि लांब बोल्टांनी आरपार आवळली, तर धक्क्याचा मार पट्टीत जिरत नाही. तो बोल्टांवर येतो, आणि बोल्ट फळीला चीर पाडतात. मग होडीत पाणी येऊ लागते. पट्टीचे पैसे वाचवायला गेलो आणि फळी बदलायची पाळी आली, असे होते. ते पाणी भर खाडीत आले तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

आता एकेक माल पाहू.

पहिला मान सागाचा. सागाच्या गाभ्यात तेल असते. म्हणून तो लवकर कुजत नाही, ओलाव्याने फार फुगत नाही, उन्हाने फार आखडत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज बांधले. ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षे होऊन गेली. यापेक्षा मोठी साक्ष कोणती द्यायची?

पण साग महाग. हे खरे असले तरी लाकूड किती लागते त्याचा हिशेब करून पाहा. होडी २४ फूट लांब आहे असे धरा. पट्टी २ इंच रुंद आणि दीड इंच जाड. दोन्ही बाजू मिळून ४८ फूट झाले. एवढ्या पट्टीला लाकूड लागते बरोबर १ घनफूट. होडीच्या पोटाला बाक असतो, म्हणून लांबी थोडी वाढेल. करवतीत थोडे जाईल. तरी दीड घनफुटात काम व्हावे. पूर्ण होडीच्या लाकडापुढे हे काहीच नाही. तेव्हा ‘साग परवडत नाही’ असे म्हणण्याआधी पाटीवर आकडे मांडावेत.

सागात एक उणे आहे. तो कुजायला चिवट, पण घासायला तितका नाही. खडबडीत दगडावर तो लवकर झिजतो. या कामाला बाभूळ बरी. गाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर, ही हिसके खाणारी कामे बाभळीकडे असतात. ती मार खाते आणि सहसा फाटत नाही. मात्र गाभ्याचेच लाकूड घ्यावे. सालीजवळचे पांढरे लाकूड किडा लवकर धरतो. ऐनही कठीण आणि जड असतो, पण उन्हात त्याला भेगा जातात. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते म्हणून कोणी कोणी लावतात. ते पावसात कुजते. फुकट मिळाले तरी पट्टीला आंबा घेऊ नये, असे माझे मत आहे.

म्हणजे साग टिकतो आणि बाभूळ मार खाते. मग दोन्ही का लावू नयेत? आत पाऊण इंच जाडीची सागाची पट्टी लावावी. तिचे खिळे फळीतून आतल्या वाकांत जावेत. तिच्यावर बाहेरून पाऊण इंचाची बाभळीची पट्टी स्क्रूंनी बसवावी. हे स्क्रू सव्वा इंचाचेच घ्यावेत. दोन पट्ट्यांची जाडी दीड इंच. म्हणजे स्क्रूचे टोक सागातच थांबते, होडीच्या फळीपर्यंत पोचत नाही. बाभूळ झिजली की तेवढीच काढायची आणि नवी बसवायची. होडीच्या अंगाला पुन्हा भोक पाडावे लागत नाही.

दुसरा फायदा वाकवण्याचा. दीड इंचाची पट्टी नाळेच्या बाकाला बसवताना चारचार गडी लटकतात आणि शेवटी पट्टी कडकन मोडते. पट्टीची जाडी निम्मी केली तर वाकवायचा जोर निम्मा लागत नाही, आठवा हिस्सा लागतो! शाळेत मुलांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. लाकडाची दोन फुटपट्ट्या घेऊन करून पाहावे.

आता लोखंडाकडे येऊ. धातूची पट्टी लाकडावर मारली की लाकूड झिजत नाही. पण साध्या लोखंडाला खारी हवा लागली की तांब चढते. तांब फुगते आणि आतले लाकूड फोडते. पितळ दिसायला छान, पण समुद्राचे पाणी त्यातले जस्त हळूहळू काढून घेते. मग पितळ तांबूस आणि ठिसूळ होते, आणि स्क्रूचे डोके चक्क हातात येते. स्टेनलेस घ्यायचे तर समुद्रात चालणारे ३१६ नंबरचे मागावे.

एक गोष्ट विशेष जपावी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. बॅटरीच्या सेलमध्ये जस्ताचे भांडे झिजत जाते, तसाच प्रकार इथे होतो. तांब्यापितळेजवळचे ॲल्युमिनियम किंवा लोखंड भराभर खाल्ले जाते. पट्टी ज्या धातूची, खिळे त्याच धातूचे, हे सोपे धोरण. शिवाय, धातूच्या पट्टीने शेजाऱ्याची होडी ओरबाडली जाते. बंदरावर शेजाऱ्यांशी रोजचा संबंध असतो, बरे का!

जुन्या टायरची पट्टी कापून मारण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. टायरच्या रबरात काजळी घातलेली असते, म्हणून ते ऊन चांगले सोसते. धक्काही चांगला खाते. पण रबर घसरत नाही, धरून ठेवते. होडी लाटेवर वर जाऊ पाहते आणि रबर भिंतीला चिकटते. मग खिळ्यांना हिसका बसतो. लाकूड घसरते, त्यात हिसका कमी. आजकालच्या टायरात पोलादी तारा असतात. त्या उघड्या पडल्या की गंजतात आणि हात कापतात. म्हणून टायर खिळ्याने ठोकण्यापेक्षा दोराने टांगावा. धक्क्याला लागताना बाहेर सोडावा, निघताना आत घ्यावा. काथ्याचा जाड जुना दोर बाजूला सोडला तरी छोट्या होडीचे भागते. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून अधूनमधून वाळवावा.

फायबरच्या होडीला हल्ली दाट प्लॅस्टिकची पट्टी लावतात. ती पाणी पीत नाही, कुजत नाही, दगडावर छान घसरते. मात्र उन्हाने ती लांब होते. बारा फुटांची पट्टी पहाटेपासून दुपारपर्यंत जवळजवळ एक सेंटीमीटर वाढू शकते. भोके घट्ट असतील तर ती नागमोडी होते. म्हणून भोके लांबट पाडावीत आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फट ठेवावी. तिला गोंद धड चिकटत नाही, तेव्हा सगळा भार स्क्रूंवर असतो.

माल कोणताही घ्या, जुनी पट्टी काढल्यावर लगेच नवी मारू नका. आधी मागची फळी पाहा. टोच्याचे टोक दाबून पाहा. लाकूड चांगले असेल तर टोच्या अडतो. लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर फळी कुजली आहे असे समजा. खाऱ्या पाण्याने फळी सहसा कुजत नाही, पण पावसाचे गोडे पाणी पट्टीमागे साठून राहते, तिथे बुरशी धरते आणि ती लाकूड खाते. बाहेरून रंग झकास दिसतो!

म्हणून पट्टीची वरची कड उतरती तासावी, म्हणजे पाणी ओघळून जाईल. पट्टीच्या मागे सगळीकडे लुकण किंवा डामर भरावे. प्रत्येक स्क्रू त्यात बुडवूनच आत घालावा. जोड तिरका घ्यावा. एक इंच जाडीला आठ इंच उतार असा. बाहेर दिसणारे जोडाचे टोक पिछाडीकडे असावे. ते नाळेकडे राहिले तर धक्क्याच्या दगडात अडकून पट्टी उचकटते.

हे काम होडी पावसाळ्यात वर ओढलेली असते तेव्हा करतात, पण ओल्या लाकडावर लुकण धरत नाही. वर झाप घालून, वारा खेळता ठेवून, फळी चार दिवस कोरडी होऊ द्यावी. बाभळीच्या पट्ट्या दोनऐवजी तीन कापून घ्याव्यात. तिसरी घरात माळ्यावर सावलीला ठेवावी. ती उभी टेकवू नये, आडवी सरळ ठेवावी, नाहीतर भलत्याच बाजूला वाक धरते.