दातांची भीती घरातच लागते

‘चूप राय, नाही त डॉक्टर सुई देते!’ रडणाऱ्या लेकराला गप्प करायचा हा वऱ्हाडातला जुना उपाय. पुढे त्याच लेकराची दाढ ठणकू लागली, की त्याला ‘आ’ करायला लावताना घरादाराच्या नाकी नऊ येतात आणि ‘आमचा पोट्टा भारी भित्रा’ असं ठरून जातं.

पोट्टा भित्रा जन्मत नाही. भीती तीन वाटांनी शिकली जाते, असं मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये मांडलं: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि कानावर पडणाऱ्या गोष्टी. यातल्या शेवटच्या दोन वाटा बहुतेक वेळा घरातूनच जातात. आजीची दाढ कशी उपटली, किती रक्त गेलं, हे किस्से पोरं कान देऊन ऐकतात.

पहिल्या वाटेबद्दल ग्रॅहम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा १९८९ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दातांच्या उपचारात भरपूर दुखूनही काहींच्या मनात भीती बसत नाही. अशा लोकांच्या त्याआधीच्या भेटी बिनत्रासाच्या झालेल्या असतात, असं डेव्ही यांना आढळलं. खुर्ची, दिवा, आरसा हे सगळं आधी निरुपद्रवी म्हणून ओळखीचं झालं, तर नंतरची एखादी कळ मेंदू सहज पचवतो. आपल्याकडे मात्र पहिली भेट होते ती गाल सुजल्यावर. मग सुई टळत नाही आणि आईबापांनी दिलेली धमकी खरी ठरते.

इतका उशीर का? ‘दुधाचेच दात, पडतीलच’ म्हणून. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. त्यांचं कवच पातळ, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाण पट्ट्यात किडीचा दोष पाण्यावर टाकणं सोपं. पण पाण्यातल्या मिठाने दात किडत नाहीत. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दात पोखरतं. दिवसातून कितीदा गोड खाल्लं, यावर बरंच अवलंबून असतं. बाटली तोंडात ठेवून झोपलेलं बाळ रात्रभर जंतूंची सोय करून देतं.

लवकर गेलं तर उपचारही सौम्य असतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध नुसतं लावलं तरी कीड थोपवता येते. ना सुई, ना ड्रिल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग त्याने काळा पडतो. समोरच्या दातांसाठी आई कुरकुरली तर तिचं चुकत नाही. दाढेला काय हरकत आहे?

अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत आणि तिथे बालदंत विभाग असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारं बाल स्वास्थ्य पथक दातही पाहतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका. पहिल्या वाढदिवसाच्या आत, काही दुखत नसताना, बाळाला एकदा दाखवून आणा. पोर मोठं असेल तर निघताना ‘दुखणार नाही’ असंही म्हणू नका, त्याला त्यातलं ‘दुखणार’ तेवढंच ऐकू येतं. ‘डॉक्टर दात मोजतील’ एवढं सांगा.