आधी हॉस्पिटल, पोलिसांचं नंतर ठरवा

गेल्या वर्षी एका मैत्रिणीने मला विचारलं, "तू हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहेस ना? मग सांग, इन्शुरन्सचा कागद घरी येतोच का गं?" तिच्या मुलीवर कॉलेजात असताना बलात्कार झाला होता. मुलगी हॉस्पिटलात गेलीच नाही. इन्शुरन्स बाबांचा, म्हणजे कागद बाबांच्या नावावर येणार. शिवाय तपासणी हवी तर पोलिसात तक्रार करावीच लागणार, अशी तिची समजूत. आईला तिने दोन वर्षांनी सांगितलं. म्हणून हा विषय संकोच सोडून लिहिते आहे.

इथला मुख्य कायदा १९९४ चा 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट'. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या राज्यांना पुराव्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा खर्च पीडितेवर टाकता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीने त्यासाठी पोलिसांना सहकार्य देण्याची अट घालता येत नाही. २०१३ पासून 'आधी भरा, मग परत घ्या' हेही बंद झालं. मुलगी अल्पवयीन असेल, किंवा काही राज्यांत ठराविक जखमा असतील, तर हॉस्पिटलला कळवावं लागतं. तरीही मोफत तपासणीचा हक्क जात नाही. मुलग्यांनाही हेच लागू आहे.

व्हिसा किंवा इन्शुरन्स नसला तरी, १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी रूमला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. दुभाषाही मोफत मागता येतो. नवऱ्याला किंवा ओळखीच्या कुणाला मध्ये घालायची गरज नाही.

आता बिलाची गोम. पुराव्याची तपासणी मोफत. पण टाके, एक्स-रे, पुढची औषधं यांचं बिल काही राज्यांत इन्शुरन्सकडे जातं. मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आपल्या पॉलिसीवर राहू शकतात, म्हणून तो कागद घरी येतो. मात्र कागद घरी आल्याने धोका आहे असं कळवलं, तर 'हिपा' नियमांनुसार इन्शुरन्स कंपनीला तो दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची रास्त विनंती मान्य करावी लागते. उरलेल्या खर्चासाठी राज्याच्या नुकसानभरपाई निधीची चौकशी करावी. बिल आलंच तर घाईने भरू नका. आधी बिलिंगला फोन करा.

वेळ महत्त्वाची. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत, पण जितकी लवकर तितकी बरी. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. आंघोळ झाली असली तरी जावंच. पुराव्याचं किट किती वर्षं ठेवणार ते विचारून लिहून घ्यावं. न्यूयॉर्कमध्ये ही मुदत २० वर्षं आहे.

मुलांना कॉलेजात सोडताना आपण कुकर देतो, लोणच्याची बरणी देतो, इन्शुरन्सचं कार्ड देतो. कार्ड देताना एवढं वाक्य जरूर बोला: "काही झालं तर आधी हॉस्पिटलात जा. कागदाची, पैशाची आणि आमची काळजी करू नकोस." राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबरही द्या: १-८००-६५६-४६७३. तो चोवीस तास चालू असतो.